नाव न घेता केलेली प्रार्थना

धाकट्या पाळकाला मंडळीने ठेवलं ते तरुण पोरापोरींसाठी. बोलायला तेवढंच. बाकी ज्या कामाला कुणाचा हात लागत नसे त्याला त्याचा लागे. संडास तुंबला, बोलवा धाकट्याला. माइक खरखरला, बोलवा धाकट्याला. सकाळी कुणाच्या मयताला गायला पोरं गोळा करायची, दुपारी त्याच पोरांना गणित शिकवायचं, संध्याकाळी त्यांचा फुटबॉल छपरावरून काढून द्यायचा, आणि मग जिचं लग्न मोडलं तिच्या आईसमोर बसून मान हलवायची, ती चौथ्यांदा तेच सांगत असली तरी. थोरले पाळक रविवारी उपदेश करत आणि बाकीचे दिवस त्याची तयारी करत. त्यांची इस्त्री कधी मोडली नाही.

धाकटा तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहणारा. अंगाने काटकुळा, पण डोळे मिटून प्रार्थना करायला लागला की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागायची. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईला त्याहून जास्त ठाऊक होतं.

"तू एकदा सुरू झालास की नळ," ती म्हणायची. "बंद करायला दुसऱ्या कुणीतरी उठावं लागतं."

"लोकांना आवडतं, आई."

"लोकांचं काय घेऊन बसलास. लोकांना आग लागलेली बघायलाही आवडते."

रविवारी पियानो वाजवायची ती पोर नुकती अठरा पुरी झालेली. बोलायला कमी, बोटांना तेज. तिच्या बापाला सगळी मंडळी बाकवाले म्हणायची, कारण चर्चमधले सगळे बाक त्याच्या लाकडाच्या दुकानातून आले होते, फुकट, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याने ते फुकट असल्याची पितळी पट्टी ठोकून घेतली होती. मंडळीच्या पंचांमध्ये तो होता. दिसायला रुबाबदार, आवाजात साखर. कुणाच्या घरी दुखणंखुपणं असलं की पहिला हजर, आणि त्याच्या घरी काय चाललंय हे विचारायला कुणी हजर नाही.

त्या रविवारी बाकवाल्याची बायको तीन बोटांना पट्टी बांधून आली. कुणी विचारायच्या आत ती सांगत सुटली, "दारात सापडली हो, माझंच लक्ष नव्हतं." बायकांनी च्च च्च केलं आणि चहाच्या कपांकडे वळल्या.

सोमवारी गाण्याची तालीम संपली. पोरं गेली. धाकटा पाळक माइकच्या वायरी गुंडाळत होता आणि पियानोवाली पोर झाकण लावून तिथेच उभी होती.

"दादा, चर्चच्या गाडीची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"का, सहल काढताय?"

"गुरुवारी मला आणि आईला मावशीच्या गावी सोडाल? बाबा गुरुवारी ट्रक घेऊन लाकूड आणायला जातात. संध्याकाळशिवाय येत नाहीत."

"सोडीन की. पण बस जाते ना तिकडे?"

"आईला बॅग उचलता येणार नाही." तिने दाराकडे एकदा पाहून घेतलं. "बोटं दारात सापडली नाहीत, दादा. बाबांनी तिचा हात चौकटीवर धरला आणि दार लावलं."

तो वायर गुंडाळतच राहिला. हातांना दुसरं काही सुचेना.

"कधीपासून चाललंय हे?"

"मला समजतंय तेव्हापासून. मावशी दोन वर्षं तिच्या मागे लागलीये, निघ म्हणून. आत्ता कुठे ती हो म्हणाली. आता राहिलं तर परत नाही म्हणणार ती, मला माहितीये."

"पोलिसांत सांगू या का?"

"घरात असेपर्यंत ती पोलिसांपुढे तोंड उघडणार नाही. आधी तिला बाहेर काढू द्या."

"मग निदान थोरल्या पाळकांच्या कानावर..."

"कुणाच्याच नाही. तुमच्या आईच्याही नाही. एकाला कळलं की आमच्या घरी पोचतं, दादा. आपल्या मंडळीला तुम्ही ओळखता."

"माझ्या पोटात राहील," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. तिने मावशीचा फोन नंबर सांगितला. ट्रक गेला की मागच्या गल्लीतून फाटकाशी गाडी लावायची, असं ठरलं.

आता पोटात ठेवणं म्हणजे काय हे या माणसाला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्याच्या धंद्यात पोटात काही आलं की ते देवापुढे मोकळं करायचं, आणि देवापुढे म्हणजे मोठ्याने, चार माणसांत. मंगळवारी तो पोरांची गणितं चुकवत राहिला, एका म्हाताऱ्याला भेटायला गेला आणि त्याच्या शेजाऱ्याच्या खाटेशी बसून आला. आईने समोर ठेवलेली भाकरी त्याने चिवडली.

"कोण पोरगी आहे?" आईने विचारलं.

"कुणी नाही गं."

"मग जेव. पोरगी असती तर उपाशी राहिलेलं मी समजून घेतलं असतं."

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत प्रार्थनेची बैठक असायची. खुर्च्या गोल मांडायच्या, सात-आठ म्हाताऱ्या, दोन म्हातारे, आणि धाकटा पाळक. ज्याने त्याने आपला विषय मांडायचा. नाजूक विषय असला तर नाव घ्यायचं नाही. 'एक घर' म्हणायचं, 'एक भाऊ' म्हणायचं. या रीतीचा मंडळीला फार अभिमान. नाव घेतलं तर ती चहाडी, न घेता सांगितलं तर ती काळजी. मग चहाच्या वेळी सगळ्या मिळून त्या एका घराचा पत्ता काढायच्या, आणि तो कधी चुकायचा नाही. धाकट्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो खोलीत शिरताना स्वतःला बजावून आला होता, की आज फक्त आजारी माणसं, परीक्षा आणि गळकं छप्पर, बस्स.

त्याने आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. परीक्षेसाठी केली. छपरासाठी केली. डोळे मिटलेले, दोन रात्रींची झोप तुंबलेली, आणि डोळे मिटले की त्याला नेहमी वाटायचं तसंच वाटलं, की खोली नाही, खुर्च्या नाहीत, फक्त आपण आणि ऐकणारा. आवाज खाली उतरला. म्हाताऱ्यांनी नाकं ओढायला सुरुवात केली होती.

"आणि प्रभू, एक घर आहे," तो म्हणाला. "तू त्या घराच्या भिंतींआड पाहतोस. ती बोटं दारात सापडली नाहीत हे तुला ठाऊक आहे. ज्याच्या हाताने ते झालं त्याचा हात तू धर. आणि उद्या त्या मायलेकींची वाट मोकळी कर, उद्या त्यांना सुखरूप पोचव. आमेन."

गोलातून आमेन उठलं. त्यात एक आमेन जाड होतं आणि गोड होतं.

त्याने डोळे उघडले. दाराजवळची खुर्ची उशिरा येणाऱ्यासाठी मोकळी ठेवत. तिच्यात बाकवाला बसला होता, मांडीवर मोजपट्टी ठेवून.

"खिडकीचं माप घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, मध्ये कशाला बोला. फार सुंदर प्रार्थना केलीत, पाळकसाहेब. आत लागली."

म्हाताऱ्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. एकमेकींकडेही बघत नव्हत्या. बाकवाल्याने उठून खिडकीचं माप घेतलं, आडवं आणि उभं, सगळ्यांची रजा घेतली आणि गेला.

धाकट्याने फोन लावला. पोरीचा फोन बंद. तो तसाच धावत त्यांच्या घरी गेला. दार बाकवाल्याने उघडलं.

"या ना. आम्ही जेवायलाच बसतोय."

त्याच्या खांद्यावरून आतलं टेबल दिसत होतं. पोर ताटल्या मांडत होती. तिची आई पाठमोरी उभी होती. दोघींनी मान वर केली नाही.

"मी सहज..." धाकटा म्हणाला. "म्हटलं, तुमचा गैरसमज झाला असेल, तर..."

"कसला गैरसमज? तुम्ही कुणाचं नावच घेतलं नाहीत," बाकवाला म्हणाला, आणि दार हळूच, अगदी सभ्यपणे लावून घेतलं.

तेव्हा दार ठोठावायचं होतं. आरडाओरडा करायचा होता, गल्ली गोळा करायची होती. तो घरी आला आणि स्वतःची समजूत घालत बसला, की बाकवाल्याला कळलं असतं तर तो चिडला असता, आणि तो तर हसत होता. आईने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून तिने त्याच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"देव बहिरा आहे का रे?" ती म्हणाली. "मनात म्हटलं असतंस तर त्याला ऐकू आलं नसतं?"

गुरुवारी सकाळी त्याने गाडी काढली. मागच्या गल्लीतून फाटकाशी आला तर ट्रक अंगणातच उभा. दुकानातला गडी फळ्या उतरवत होता.

"मालक नाहीत," गडी म्हणाला. "बाई जिन्यावरून पडल्या. पहाटे दवाखान्यात नेलं त्यांना."

"फार लागलं का?"

गड्याने फळी खाली ठेवली. "मी काही बघितलं नाही, साहेब. मला इथे नोकरी करायची आहे."

दवाखान्यात ती पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत होती. खुब्याचं हाड मोडलेलं, अर्धा चेहरा सुजून डोळा बुजलेला. पाय वजन लावून ताणून धरला होता. तिला उचलणं सोडा, कुशीवर वळवणंही नर्सेसना जड जात होतं. पोर खाटेच्या कडेला बसलेली. आणि दारात बाकवाला खुर्ची टाकून बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत.

दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे पोलीस आला होता. थकलेला माणूस, हातात पेन. धाकट्याने त्याला बाजूला घेतलं आणि जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. पोलिसाने ऐकून घेतलं आणि पोरीला बाहेर बोलावलं. बाप दोन पावलांवर, पाय पसरून.

"हे म्हणतात, तू यांना काही सांगितलं होतंस."

पोरीने धाकट्याकडे पाहिलं, बस थांब्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"मी दादांना कधीच काही बोलले नाही. आई पडली. दादांचा काहीतरी गैरसमज झालाय."

"बाईसुद्धा पडले म्हणते," पोलीस म्हणाला. "तुम्ही काही डोळ्यांनी बघितलंत का, पाळकसाहेब?"

"नाही."

"मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा. तुमचं म्हणणं लिहून ठेवतो. पण दोन्ही बाया नाही म्हणतायत."

तोवर थोरले पाळक आले, बरोबर दोन पंच. थोरल्यांनी धाकट्याला दंडाला धरून भिंतीशी नेलं.

"काय मांडलंय हे? त्या माणसाची बायको आत पडलीये आणि तुम्ही पोलिसांना गोष्टी सांगता? मंडळीच्या नावाचा तरी विचार करा."

"मंडळीच्या नावाला काय होणार आहे? हाड तिचं मोडलंय."

"जिभेला लगाम घाला," थोरले म्हणाले. काल घालायला हवा होता, आणि आज काढायला हवा होता. पण थोरल्यांना नेहमी उलटंच दिसायचं.

धाकट्याने सकाळीच मावशीला फोन करून बुधवारचं सगळं सांगितलं होतं. दुपारी ती बसने आली. शिवणकाम करणारी बाई, बाहीला दोऱ्याची तुसं चिकटलेली, तशीच उठून आलेली.

"तुम्हीच का ते प्रार्थना करणारे?" तिने विचारलं.

"मीच," तो म्हणाला.

"दोन वर्षं लागली मला. फोनवर कोंबडीसारखी एकेक दाणा टाकत आणली होती तिला दारापर्यंत. तुम्ही एका बैठकीत उधळलीत." एवढं बोलून ती आत गेली. बाकवाल्याने तिलाही नमस्कार केला.

ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. ती धाकट्याच्या शेजारी, पण त्याच्याकडे न बघता, भिंतीवरचा औषधांचा तक्ता वाचत असल्यासारखी उभी राहिली.

"तिला हलवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, महिनाभर नाही. ती म्हणते, पोरीला घेऊन जा, आजच. घरी त्याच्याबरोबर एकटी जाऊ देऊ नकोस. पोर ऐकत नव्हती, आईने शपथ घातली. पण हा बाबा दारातून हलत नाही. मुतायलाही उठला नाही म्हणे."

"मी निघून जातो. मी दिसलो नाही तर कदाचित..."

"तुम्ही गेलात म्हणून तो कशाला उठेल? त्याला काय हवंय, ते दिल्याशिवाय नाही उठायचा."

बाकवाल्याला काय हवंय, हे धाकट्याला न विचारता कळलं. पोलीस अजून खाली होता, धाकट्याचा लिहून घेतलेला शब्द त्याच्याजवळ होता, आणि थोरले पाळक व पंच अजून व्हरांड्यात होते.

"मागचा जिना कुठे उतरतो?" त्याने विचारलं.

"फाटकाशी. तिथे टॅक्सी मिळते."

"मी त्याला खाली नेतो. किती वेळ राहील ते सांगता येत नाही. लगेच निघा."

"नेणार कसं?"

त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर करता आलं नसतं. तो सरळ बाकवाल्याच्या खुर्चीसमोर गेला आणि थोरल्यांना ऐकू जाईल असा बोलला, "भाऊ, मी चुकलो. मी तुमच्या घराबद्दल खोटं बोललो. मला तुमच्याकडून क्षमा हवी आहे. माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

बाकवाल्याने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "करीन की. बसा इथे."

"इथे नको. खाली प्रार्थनेची खोली आहे. मला सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे आहेत. पोलीसही खालीच आहेत, त्यांच्यापुढे मला माझं म्हणणं मागे घ्यायचंय."

"वा," थोरले पाळक म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला. "याला म्हणतात नम्रता. चला, चला भाऊ. मंडळीतलं मंडळीतच मिटावं."

बाकवाल्याने मागे वळून खाटेकडे पाहिलं. पोर आईच्या पायांवर चादर ओढत होती. मावशी कुठे दिसत नव्हती. तो उठला.

खालच्या खोलीत सतरंजी होती, चार बाक होते आणि फुलं नसलेली फुलदाणी. धाकटा गुडघ्यावर बसला. आपण हेव्यापोटी बोललो, असं त्याने सांगितलं. बाई पडल्या त्या पडल्याच, पोरीने आपल्याला काही सांगितलं नाही, सगळं आपल्या डोक्यातून आलं. पोलिसाने दारात उभ्या उभ्या लिहिलेलं खोडलं, सही घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की धाकट्याने दुसरीकडे पाहिलं. पोलीस गेला. पंचांपैकी एकाने मान हलवली, असल्या माणसाच्या हाती आपली पोरं दिली होती, असं काहीतरी दुसऱ्याच्या कानात म्हणाला.

मग बाकवाल्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली. माणसाला प्रार्थना येत होती, ते नाकारून चालणार नाही. भटकलेल्या मेंढरापासून सुरू केलं, निंदा करणाऱ्या ओठांवरून गेला, आपल्या सहनशीलतेवर बराच रेंगाळला. धाकटा वरची चाहूल घेत होता. छतावरून चाकाची खाट गेली, मग चपला, मग काही नाही. बाकवाला आमेनकडे वळतोय असं वाटलं तसा तो मोठ्याने रडला.

"अजून आहे," तो म्हणाला. "मी तुमच्या बाकांचाही हेवा केला."

"बाकांचा?" एक पंच म्हणाला.

"पितळी पट्ट्यांचा. मला वाटायचं, माझंही नाव कुठेतरी असावं."

ते इतकं मूर्खपणाचं होतं की बाकवाल्याला खरं वाटलं. तो खुश झाला. त्याने बाकांवर नवी प्रार्थना केली. डोक्यावरची बोटं मात्र दाबत चालली होती, एकेक, कवटीत रुतावीत अशी, आणि वर आवाज तसाच गोड. धाकट्याने दात दाबून धरले आणि आणखी मागितली. पोरांना फुटबॉल खेळायला सोडून त्यांची परीक्षा बुडवली, त्याची क्षमा. आईला उलट बोललो, त्याची क्षमा. जे केलं नव्हतं तेही त्याने कबूल केलं. जे केलं होतं ते मात्र त्या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

शेवटी आमेन झालं. थोरल्यांनी डोळे पुसले. "या महिन्याअखेर तुम्ही मोकळे व्हा," ते धाकट्याला प्रेमाने म्हणाले. "सन्मानाने जा."

सगळे वर आले. खुर्ची दारात तशीच होती. खाटेच्या कडेला कुणी नव्हतं.

"पोरगी कुठे गेली?" बाकवाल्याने विचारलं.

"औषध आणायला," ती खाटेवरून म्हणाली. सुजल्या ओठांतून, पण शब्द स्वच्छ. इतकी वर्षं ती असंच बोलत आली होती, जिना, दार, माझंच लक्ष नव्हतं. "खालच्या दुकानात रांग आहे म्हणे."

"आणि तुझी बहीण?"

"ती तिच्या बसला गेली. जरा पाणी द्या ना."

त्याने पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले. मग उशी वर करून मागितली. मग उजेड डोळ्यांवर येतोय म्हणाली, म्हणून त्याने पडदा ओढला. मग गुदमरतंय म्हणाली, म्हणून बाजूला केला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कौतुकाने बघत होती, असा नवरा सगळ्यांना मिळत नाही अशा तोंडाने. बाकवाला मधेमधे दाराकडे बघे, आणि तो बघायला लागला की हिला काहीतरी हवं होई. धाकटा पाळक उंबऱ्यावर उभा होता. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. बाईच्या अंगात होती तेवढ्या ताकदीने ती पोरीची टॅक्सी पुढे ढकलत होती.

थोरल्यांनी खाली उतरून त्याला हाक मारली, गाडीत बसायला. तो हलला नाही. तो बघत होता तोवर बाकवाला चादर नीट करत होता.

मग घंटा झाली. भेटायची वेळ संपली. नर्स खाटांमधून माणसं बाहेर काढत आली, आणि धाकट्याच्या छातीसमोर हात धरून तिने आत पाहिलं.

"बाईंजवळ एकच माणूस थांबेल. घरचं कोण आहे?"

"मी," बाकवाला म्हणाला, आणि बायकोच्या उशीवरचा हात त्याने काढला नाही.